घडविण्याचें सुख

दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्या अंथुर्ण्यांत, आणि महाराष्ट्रांतल्या बहुतेक गांवांत, मुलांचा एक मोठा उद्योग सुरू होतो. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन पोरें घरीं येतात तीं दप्तर फेंकून मातीच्या शोधाला लागतात. कोणी घमेल्यांतून चिकणमाती आणतो, कोणी पडक्या भिंतीच्या विटा गोळा करतो, कोणी आईची नजर चुकवून गोणपाट पळवितो. विटांवर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलावर मोहरी नाहींतर अळीव, असा किल्ला उठूं लागतो. चार दिवस मुलांना जेवणाची शुद्ध नसते. बालेकिल्ला कोठें असावा, महादरवाजाचें तोंड कोणीकडे असावें, यावरून भांडणें होतात, अबोले होतात आणि मिटतात. शेवटीं एका संध्याकाळीं तट पुरे होतात, हिरवळ डोकें वर काढते, सिंहासनावर शिवाजीमहाराज विराजमान होतात, पायथ्याशीं मावळे उभे राहतात आणि पणती लागते.

आणि मग? मग मुलें घटकाभर त्या किल्ल्याकडे पाहतात आणि दुसऱ्या आळींतला किल्ला पाहावयास पळतात. एवढ्या कष्टानें केलेल्या किल्ल्याशीं दुसऱ्या दिवशीं खेळत बसलेलें मूल मीं क्वचितच पाहिलें आहे. भाऊबीज होते, हिरवळ पिवळी पडते, तट ढांसळतात. आणि त्याच ढिगाऱ्यावर उभे राहून मुलें पुढच्या वर्षीं राजगड करावयाचा कीं प्रतापगड, याचा खल करूं लागतात.

शिक्षक म्हणून हा प्रकार मीं पुष्कळ वर्षें पाहिला आणि मनांतल्या मनांत हंसलों. मला हंसण्याचा अधिकार नव्हता, हें मात्र फार उशिरां समजलें.

२०१२ सालीं मला दुर्बीण करण्याचा छंद लागला. पुण्यास या छंदाची परंपरा आहे. तेथें १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या आपल्या देशांतल्या जुन्या संस्थांत तिची गणना होते. पुढें १९८८ सालीं पुणें विद्यापीठाच्या आवारांत आयुका ही संशोधनसंस्था उभी राहिली, आणि दुर्बीण स्वतःच्या हातानें कशी करावी हें शिकविणाऱ्या कार्यशाळा तिनेंहि भरविल्या आहेत. या मार्गानें गेलेल्या एका हौशी गृहस्थाकडून मी तें काम शिकलों आणि सहा इंच व्यासाच्या दोन जाड कांचा घेऊन घरीं आलों.

आरसा घांसण्याची रीत ऐकावयास फार सोपी आहे. एक कांच बैठकीवर पक्की बसवावयाची. तिच्यावर कार्बोरंडमची भरड भुकटी आणि थोडें पाणी घालून दुसरी कांच ठेवावयाची आणि ती पुढें-मागें घांसावयाची. घांसतां घांसतां आपण बैठकीभोंवतीं एकेक पाऊल सरकावयाचें आणि हातांतली कांचहि जराजरा फिरवीत राहावयाची. गंमत अशी, कीं कोणताहि सांचा न लावतां वरची कांच मध्यें खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. दोन सपाट कांचा एकमेकींना गोलाई देतात! माझ्या आरशाची मध्यावरची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर होती. ती आल्यावर भुकटी बारीक, मग अधिक बारीक, आणि शेवटीं डांबराच्या थरावर जिल्हई.

नंतर परीक्षा. ही परीक्षा फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोधून काढली. एक बारीक प्रकाशबिंदु, दाढीचें एक पातें आणि आपला डोळा, एवढीच तिची सामग्री. परंतु मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढा उंचवटाहि तींत छायेच्या रूपानें दिसतो. आरशावर अंगठा क्षणभर टेकला तर तेवढ्या उबेनें फुगलेली कांच टेकडीसारखी वर आलेली दिसते आणि निवतांच ती टेकडी डोळ्यांदेखत विरून जाते. हें प्रथम पाहिलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

दीड वर्षाहून अधिक काळ मी त्या कांचेच्या नादीं होतों. पहांटे चारला उठावें, दिवा लावावा आणि घांसूं लागावें. भुकटी भरड असतां कांच खरखरत असे. ती जसजशी बारीक होई तसतसा तो आवाज कुजबुजीवर येई. रोज कांहींतरी थोडें साधे, किंवा कांहींतरी बिघडे आणि तें उद्यां सुधारण्याची हुरहुर लागून राही. आयुष्यांत इतके सुखाचे दिवस मीं थोडेच पाहिले.

आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला, नळी केली, लांकडाची बैठक केली. पहिल्या रात्रीं चंद्रावरचे डोंगर आणि विवरें पाहिलीं. दुसऱ्या रात्रीं पुन्हां पाहिलीं. तिसऱ्या दिवशीं दुर्बिणीवर जुनें धोतर घातलें, ती पडवीच्या कोंपऱ्यांत उभी केली आणि आठ इंची आरशासाठीं कांच कोठें मिळेल याची चौकशी सुरू केली.

अशीं चार वर्षें गेलीं. २०१८ सालच्या दिवाळींत अंगणांत आळींतल्या मुलांचा किल्ला चालला होता. अंवसेजवळचे दिवस, आभाळ स्वच्छ. शनि त्या वर्षीं धनु राशींत होता आणि दिवेलागणीनंतर नैर्ऋत्येस ठळक दिसत होता. आमच्या घरांतून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. नव्या नजरेच्या उत्साहांत ती म्हणाली, “तुमच्या त्या नळ्यांतून मला एकदां तरी दाखवा कांहींतरी.” मीं धोतर काढलें, धूळ झटकली, दुर्बीण अंगणांत आणली आणि शनि लावून दिला. सुमारें शंभरपट मोठा केलेला तो पिवळसर ग्रह आणि त्याच्या भोंवतीं अधांतरीं असलेलें कडें तिनें बराच वेळ पाहिलें. मग डोळा काढून मजकडे वळली आणि म्हणाली, “एवढं दिसतंय यांतून, मग तुम्ही रोज का नाही बघत?”

श्रोतेहो, मला उत्तर देतां आलें नाहीं. आजचें हें भाषण म्हणजे तें राहिलेलें उत्तर आहे.

माझे एक स्नेही म्हणतात, “मास्तर, हा तर निष्काम कर्मयोग! कर्म करावें, फळाची आशा धरूं नये.” हें ऐकावयास गोड वाटतें, परंतु मला पटत नाहीं. फळाची हांव नसणें निराळें आणि तयार झालेलें फळ झांकून ठेवणें निराळें. आंब्याचें झाड लावणारानें स्वतः आंबे खाल्ले नाहींत तरी चालेल. पण बागेला कुलूप लावून ते आंत कुजूं देणें, हें वैराग्य नव्हे.

मग खरें कारण कोणतें? एक उघड आहे. वस्तु घडत असते तोंवर ती मनांत निर्दोष असते; ती पुरी झाली कीं तिचे दोषहि कायमचे होतात. दुसरें कारण कबूल करावयास मला अधिक जड जातें. आरसा घांसतांना मी त्या कामाचा धनी होतों. कोणती छाया कशानें पडली, कोणता उंचवटा कोणत्या हातानें जाईल, हें मला कळत होतें. परंतु पुरी झालेली दुर्बीण आभाळाकडे वळविली कीं मी पहिल्या इयत्तेंत जाऊन बसे. कोणता तारा कोणता, हा धुरकट ठिपका काय, हें मला ठाऊक नसे. घडविणारा गुरु असतो. वापरणाराला पुन्हां शिष्य व्हावें लागतें. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला तें जमलें नाहीं, म्हणून तो दुसरी कांच शोधूं लागला.

यांत माझें एकट्याचेंच नुकसान होतें, तर मी तें येथें सांगत बसलों नसतों. आरसा घांसत होतों त्या दिवसांत सातवीच्या वर्गांतला एक मुलगा संध्याकाळीं मजकडे येई. भुकटी धुऊन देई, पाणी आणी. तो नेहमीं विचारी, “गुरुजी, शनि कधीं दाखवणार?” आणि मी म्हणें, “थांब, आरशाची कड अजून जराशी झुकली आहे.” ती कड मीं किती वेळां सुधारली, देव जाणे! कोणत्याहि मुलाला त्या दोषासह कडें दिसलें असतें, हें मला आज कळतें. तो मुलगा सातवी पास होऊन दुसऱ्या शाळेंत गेला. तें २०१४ सालचें मे महिन्याचें तोंड होतें. त्या महिन्यांत शनि रात्रभर आकाशांत होता. आरसा मात्र माझ्या फडक्यांत होता.

या छंदाचा आद्य पुरुष म्हणतां येईल असा विल्यम हर्शेल इंग्लंडांत बाथ या गांवीं संगीत शिकवीत असे. तो आरसे घांसूं लागला म्हणजे कामावरचा हात काढीत नसे. त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घांस भरवी. त्यानें शेंकडों आरसे केले. त्याची सर्वांत मोठी, चाळीस फूट लांबीची दुर्बीण १७८९ सालीं पुरी झाली; ती इतकी अवजड निघाली, कीं तिचा उपयोग फारच थोडा झाला. माझ्यासारख्यांना या गोष्टीनें धीर येतो! परंतु त्याच हर्शेलनें स्वतः केलेल्या सात फुटी दुर्बिणीला रोज रात्रीं डोळा लावून १३ मार्च १७८१ या दिवशीं युरेनस ग्रह शोधला, हेंहि विसरतां येत नाहीं.

दुसरा मनुष्य आपल्या काळांतला. जॉन डॉब्सन हा अमेरिकेंतील वेदान्त सोसायटीच्या मठांत १९४४ सालीं गेला आणि तेथें साधक म्हणून तेवीस वर्षें राहिला. टाकाऊ कांचेचे आरसे घांसून तो दुर्बिणी करी आणि मठाबाहेर नेऊन शेजारच्या लोकांना आकाश दाखवी. त्या पायीं मठांत गैरहजेरी होऊं लागली आणि १९६७ सालीं त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनि दाखविणारें मंडळ त्यानें मित्रांसह काढलें. २०१४ सालीं, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन तो वारला. घडविण्याचें सुख त्यानें भरपूर भोगलें. मात्र घडलेली वस्तु रस्त्यावर नेऊन ठेवली.

२१ डिसेंबर २०२० रोजीं गुरु आणि शनि आकाशांत एकमेकांच्या इतके जवळ आले, कीं १६२३ सालानंतर तसे ते आले नव्हते. माझ्या दुर्बिणींतून दोन्ही ग्रह एकाच वेळीं दिसत होते. करोनाच्या सांथीमुळें महाविद्यालयें बंद होतीं, म्हणून तो मुलगाहि गांवीं आलेला होता. मीं त्याला मुद्दाम बोलावून घेतलें. तो वाकून पाहत राहिला. मग मान वर न करतांच हळूच म्हणाला, “गुरुजी, हें मला सातवींत बघायचं होतं.” त्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें.

दुसऱ्या दिवशीं ती दुर्बीण मीं त्याला देऊन टाकली. तो ती आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर नेतो आणि मुलांना आकाश दाखवितो. बोलाविलें तर मीहि जातों आणि पोरांच्या रांगेंत उभा राहून माझी पाळी येण्याची वाट पाहतों. पडवींत आठ इंची आरसा घांसणें चालूच आहे. तें सुख मीं सोडलेलें नाहीं, सोडणारहि नाहीं. फरक इतकाच, कीं यावेळीं काम सुरू करतांनाच तो कोणाला द्यावयाचा आणि कोणत्या दिवशीं, हें ठरविलें आहे. आणि ती तारीख आमच्या घरांतून भिंतीवरच्या कालनिर्णयावर तांबड्या शाईनें लिहून ठेवलेली आहे.

आषाढीच्या आधीं तुकोबारायांची पालखी आमच्या रस्त्यानें जाते. जवळच बेलवाडीला गोल रिंगण होतें. पंढरपुरास पोंचल्यावर गर्दीमुळें पुष्कळ वारकऱ्यांना पायांवर डोकें ठेवावयास मिळत नाहीं. ते कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. त्यांची वारी फुकट गेली असें कोणी म्हणत नाहीं, कारण खरें सुख चालण्यांतच होतें. पण चालण्यांत सुख आहे म्हणून अंथुर्ण्यापर्यंत चालून मागें फिरणारा वारकरी मीं पाहिलेला नाहीं. वाटेला गोडी आहे ती पुढें पंढरपूर आहे म्हणून.

आणि त्या मुलांच्या किल्ल्याविषयींहि माझी चूक मला आतां कळली आहे. किल्ला पुरा होतांच तीं तो टाकून दुसऱ्या आळींत पळतात, एवढेंच मी इतकीं वर्षें पाहत आलों. त्याच वेळीं दुसऱ्या आळींतलीं मुलें आमच्या अंगणांत हा किल्ला पाहावयास आलेलीं असतात, तिकडे माझें लक्षच गेलें नव्हतें.