लेन्ससाठी कर्ज काढण्याआधी



लेन्ससाठी कर्ज हवंय, असं आमच्या गटातल्या एका ताईंनी मासिक बैठकीत सांगितलं, तेव्हा दोघीतिघी हसल्याच. शेळी घे, शिलाई मशीन घे, हे काय मधेच? पण या ताई लग्नाच्या, बारशाच्या ऑर्डरी घेतात. हळदीचे आणि रात्रीच्या वरातीचे त्यांचे फोटो काळपट आणि हललेले आले, म्हणून एका घरच्यांनी ठरलेले पैसे कापले. मग हसण्यासारखं काय उरलं?

कॅमेऱ्याबरोबर मिळते त्या लेन्सवर बहुतेक वेळा १८-५५ आणि ३.५-५.६ असे आकडे असतात. पहिली जोडी सांगते की चित्र किती रुंद येईल आणि किती जवळ ओढता येईल. दुसरी सांगते लेन्सचं तोंड किती उघडतं. इथे हिशेब उलटा, आकडा लहान तितकं तोंड मोठं. नवरीचा चेहरा जवळ ओढला की ही लेन्स ५.६ वर जाते. भारी झूम लेन्स शेवटपर्यंत २.८ वरच राहते, म्हणजे उजेड चौपट. सेकंदाच्या तिसाव्या भागात निघणारा फोटो सव्वाशेव्या भागात निघतो, आणि हळद लावणारा हात हललेला दिसत नाही. फ्लॅश आहे की, असं म्हणाल. आहे, पण मांडवाच्या लाल कापडावर आपटून आला की सगळं वऱ्हाड लाल!

आता दुकानदार २४-७० दाखवील. लेन्स उत्तमच, पण ती मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी. ताईंचा कॅमेरा लहान सेन्सरचा. त्यावर २४ चं चित्र ३६-३८ इतकं अरुंद होतं. आपल्या घरांत भिंतीला पाठ टेकली तरी नवरानवरी आणि दोन्हीकडचे आईवडील मावायचे नाहीत. त्यात वजन पाऊण किलोच्या वर. अशा कॅमेऱ्याला १७-५० किंवा १७-५५, पण २.८ चीच घ्यावी. कॅनन, निकॉनच्या १७-५५ पेक्षा टॅमरॉन, सिग्माची १७-५० स्वस्त पडते. मात्र ती आपल्याच कॅमेऱ्याला बसणारी आहे ना, हे पाहा. पुढे फुल फ्रेम घेतलात तर ही लेन्स त्याला पुरणार नाही, हे खरं. पण ते पुढचं पुढे, आधी हिचे हप्ते फिटू देत.

जुनी मिळाली तर वाईट नाही. मोबाइलची बॅटरी आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, परत द्या. पावसाळ्यात आपलीही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तांदळात नको, पीठ आत जातं.

दुकानात कॅमेरा घेऊनच जा. अंधाऱ्या कोपऱ्यात सोबतिणीला उभं करून २.८ वर फोटो काढा आणि डोळ्याच्या पापण्या मोठ्या करून पाहा. जमलं तर आधी एका लग्नापुरती भाड्याने आणा. आमच्या ताई येत्या रविवारी तेच करणार आहेत. कर्जाचा अर्ज तोवर वहीतच आहे.