बारा मीटरची त्रिज्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल’ असं सांगितलं. माझं क्षेत्र म्हणजे रस्ते. आता नागपुरात रस्त्यांवर बोलायला कोणाला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पानठेल्यावर उभा असलेला प्रत्येक जण त्यातला तज्ज्ञ असतो. म्हणून मी एकाच कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. आपल्या शाळेच्या.

तो कोपरा आठवा. कडुनिंबाचं झाड, त्याखाली टोपलीत बोरं घेऊन बसणारी आजी, आणि सुटी झाली की एकदम बाहेर पडणाऱ्या दोनशे सायकली. भूमितीचे सरही सायकलवरच यायचे, पँटीला क्लिप लावून. समोर पहिल्या रांगेत बसलेत, आणि हे सगळं त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे.

2000च्या आसपास शहरात रस्ते रुंद व्हायला लागले. आपण सगळे खूश होतो, मीही होते. मी तेव्हा एका सल्लागाराकडे नोकरी करत होते आणि आपल्या कोपऱ्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे कडेच्या दगडांना किती गोलाई द्यायची, एवढंच ठरवायचं होतं. मी बारा मीटर त्रिज्या दिली. कोणी सांगितलं नव्हतं, दबावही नव्हता. आम्ही शिकलो ते हायवेचं शास्त्र. गाडी अडता कामा नये, बस्स. त्या गोलाईत कडुनिंब गेला, आजीची जागाही गेली.

2011 साली त्याच कोपऱ्यावर सर सायकल हातात धरून गल्ली ओलांडत होते. डावीकडे वळणाऱ्या कारनं त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. चालक दारू प्यायलेला नव्हता. त्यानंच सरांना दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा सर म्हणाले, “तो कोपरा कोणी काढला गं?” मी काही बोलले नाही. दोन वर्षांनी सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “त्रिज्या किती?” म्हटलं, बारा. “चार पुरली असती,” म्हणाले.

मी घरी येऊन गणित मांडलं. गल्ली साडेसात मीटरची. कोपऱ्यांना बारा मीटरची गोलाई दिली की फुटपाथच्या रेषेत सरळ जाणाऱ्याला साडेसातऐवजी अठरा मीटर ओलांडावे लागतात. वय झालेल्या माणसाच्या चालीनं वीस सेकंद. चार मीटरची गोलाई असती तर साडेआठ मीटर, म्हणजे निम्म्याहून कमी वेळ. आणि वेग? मोठ्या गोलाईवर गाडी ब्रेकला पाय न लावता तिशीच्या वेगानं वळते. लहान गोलाईवर तिला पंधरावर यावंच लागतं, नाहीतर चाक दगडाला घासतं. वेग तिशीचा पन्नास झाला की पायी माणूस मरण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. फलक लावून वेग कमी होत नाही. दगड लावून होतो.

मग शाळेची बस कशी वळणार? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. कोपऱ्यात थोडा भाग खडबडीत दगडांचा, किंचित उंच ठेवायचा. बसचं मागचं चाक त्यावरून जातं, कारवाला त्यावर जायला कचरतो. आणि गल्ली जिथे ओलांडायची तिथे रस्ताच फुटपाथच्या उंचीला आणायचा, म्हणजे चढ-उतार माणसाला नाही, गाडीला. फुटपाथ पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांतच लिहिलेलं आहे. तेवढी जागा मोजून बघा कुठे सापडते ते. आणि सावली! नवतप्यात सावलीशिवाय फुटपाथ म्हणजे तवा. कोणी चालणार नाही, आणि मग आपणच म्हणणार की नागपुरात कोणी चालत नाही.

हॉलंडची उदाहरणं दिली की लोक म्हणतात, त्यांचं वेगळं आहे. तिथे 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. आईवडील रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ म्हणून. आजचे त्यांचे सायकल-रस्ते त्यातून आलेत. आपल्याकडे 2022 या एका वर्षात देशात 32 हजारांहून अधिक पादचारी मेले. आणि नागपूर तर केंद्र सरकारच्या सायकल स्पर्धेत निवडलेल्या अकरा शहरांत होतं! पण रंगवलेल्या पट्ट्यावर कोणीही गाडी लावू शकतं; कडेला दगड असले तर नाही लावता येत. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले तेव्हाही दुकानदारांची कुरकुर होती. आज तिथे लोक निवांत बसलेले दिसतात.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचनं शाळेला स्वागतकमान द्यायची असं ठरलंय. कमान मला आवडते, त्यावर आपली नावंही येतील. पण कमानीखालून बाहेर पडलेलं पोट्टं पुढच्या वीस पावलांत तोच कोपरा ओलांडणार आहे. मला वाटतं, ते पैसे तिकडे द्यावेत. रस्ता महापालिकेचा आहे, तेव्हा आपल्या मनानं दगड बसवता येणार नाहीत. पण एका रविवारी परवानगी घेऊन चुना, कुंड्या आणि वाळूची पोती ठेवून चार मीटरचा कोपरा आखता येईल. सोमवारी शाळा सुटताना मोजू, गाड्या किती हळू होतात ते. तेच आकडे घेऊन महापालिकेत जाऊ. नकाशा मी काढलाय, पैसे घेणार नाही. सरांनी तपासलाय, एका ठिकाणी लाल शाई आहे.

महापालिका आणि वाहतूक पोलिसांना द्यायचा अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे. जेवणाआधी सह्या करा, जेवणानंतर कोणी सापडत नाही.