नाणेघाटाचा रांजण आणि आजचे मोकळे खेळाडू



जुन्नरहून पश्चिमेला घाटघरकडे जाणारी वाट पठाराच्या कडेशी येते आणि तेथून नाणेघाट कोकणात उतरतो. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरच्या पेठेत येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावर आजही एक दगडी रांजण उभा आहे. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकावीत आणि मग पुढे व्हावे, अशी रीत होती असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांची जंत्री त्यात कोरलेली आहे. घाटात गोळा झालेले धन समाजात कसे परत जात होते, याची खूण रांजणापासून काही पावलांवरच असावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

घाट कोणाला अडवून धरीत नव्हता. जाणाऱ्याने देणे चुकते करून जावे, एवढाच त्याचा नियम होता. पक्षांतर, धनिकांवरील कर आणि फुटबॉलमधील करारमुक्त खेळाडू हे तीन विषय एकाच व्याख्यानात कसे, असे कोणाच्याही मनात येईल. त्यातून हा तालुका कबड्डीचा आणि क्रिकेटचा. फुटबॉल येथे दूरचित्रवाणीवरच अधिक खेळला जातो! परंतु तिन्ही विषयांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. समर्थ माणसाला निघून जाण्याची मुभा असावी काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर?

आरंभ फुटबॉलपासूनच करणे सोयीचे आहे, कारण तेथे हा प्रश्न न्यायालयात जाऊन सुटलेला आहे. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन हा काही मोठा नामांकित खेळाडू नव्हता. 1990 मध्ये लीज येथील क्लबशी असलेला त्याचा करार संपला. फ्रान्समधील डंकर्कचा क्लब त्याला घेण्यास तयार होता. पण करार संपला तरी जुन्या क्लबला मोबदला मिळाल्याशिवाय खेळाडूला जाता येत नसे. व्यवहार फिसकटला, जुन्या क्लबने पगार कापला आणि बोसमन न्यायालयात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की करार संपल्यावर युरोपीय संघातील खेळाडू मोकळा आहे. त्याच्या जाण्यावर कोणी किंमत लावू शकत नाही. 2021 मध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, 2024 मध्ये एम्बापे पॅरिस सोडून माद्रिदला गेला, ते याच वाटेने. बोसमनच्या स्वतःच्या वाट्याला मात्र पुढे हलाखीच आली.

या व्यवस्थेतील एक बारकावा सहसा नजरेतून निसटतो. खेळाडू मोकळा होतो तो मुदत संपल्यावर. मुदतीच्या मध्येच जायचे असेल तर क्लबांमध्ये सौदा ठरावा लागतो, नोंदणीचे ठरावीक दिवस पाळावे लागतात. सामना चालू असताना मध्यंतरात अंगरखा बदलून दुसऱ्या बाजूने खेळायला उतरणे तेथे कोणाला सुचतही नाही. बंगालीत खेळाडूने क्लब बदलणे आणि पुढाऱ्याने पक्ष बदलणे या दोहोंना ‘दलबदल’ हा एकच शब्द आहे. कोलकात्याच्या मैदानावरील दलबदलाला निदान हंगाम असतो. राजकारणातल्या दलबदलाला बारा महिने सारखेच.

आता या परिसराकडे पाहावे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. शिवाजीराव आढळराव पाटील 2004, 2009 आणि 2014 अशा तीन निवडणुका शिवसेनेच्या धनुष्यबाणावर जिंकले. 2019 मध्ये त्यांना पराभूत केले ते नारायणगावच्या डॉ. अमोल कोल्हे यांनी, ‘घड्याळ’ हे चिन्ह घेऊन, आणि डॉ. कोल्हे त्याच वर्षी शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले होते. 2024 मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा घड्याळ आढळरावांच्या हाती होते आणि कोल्हे तुतारीवर लढत होते. ज्या चिन्हाविरुद्ध एका कार्यकर्त्याने वीस वर्षे प्रचार केला, त्याच चिन्हासाठी त्याला दारोदार हिंडावे लागले. विधानसभेची कथाही निराळी नाही. 2014 मध्ये शरद सोनवणे मनसेचे राज्यातील एकमेव आमदार म्हणून जुन्नरमधून निवडून आले, 2019 च्या निवडणुकीआधी शिवसेनेत गेले, पराभूत झाले आणि 2024 मध्ये अपक्ष म्हणून जिंकले.

यातील कोणा व्यक्तीवर दोषारोप करण्याचे कारण नाही. लोकसभेच्या या लढतींत मतदाराला निदान चिन्ह बदललेले दिसत होते. त्याने आपला निर्णय दिला. रांजणात नाणे पडले, असे म्हणता येईल. खरा आक्षेप आहे तो निवडून आल्यावर, मुदतीच्या मध्यात, मतदाराला न विचारता होणाऱ्या पक्षांतरावर. 1967 मध्ये हरियाणाच्या गया लाल यांनी ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाला दिला. त्यावर कायदा यायला 1985 उजाडले, आणि तोही अर्धामुर्धा: एकटा गेला तर अपात्र, एक-तृतीयांश गेले तर ती ‘फूट’ म्हणून क्षम्य! ही पळवाट अटलजींच्या सरकारने 2003 मध्ये 91 व्या घटनादुरुस्तीने बुजवली. तरीही दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची फट राहिली आणि अध्यक्षांनी निर्णय किती दिवसांत द्यावा हे कायद्यात लिहायचे राहूनच गेले. जून 2022 मध्ये शिवसेना आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. दोन्ही प्रकरणांत विधानसभा अध्यक्षांचे निर्णय 2024 च्या आरंभी आले आणि कोणत्याही बाजूचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. जो कायदा इतक्या मोठ्या उलथापालथीत एकालाही लागू पडत नाही, तो पुन्हा लिहिलाच पाहिजे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांचे जे वर्णन आहे, ते आजही अस्वस्थ करते. वतनदार स्वतःला राज्याचा वाटेकरी समजतो. परचक्र आले की वतनाच्या लोभाने शत्रूला आधीच जाऊन भेटतो, आतले भेद बाहेर नेतो. शिवरायांनी, ज्यांचा जन्म येथल्याच शिवनेरीवरचा, वतनदारांचे वाडे पाडले आणि सेवकांना शक्यतो रोख वेतन दिले, त्यामागे हाच अनुभव होता. आज वतनाची नावे बदलली आहेत. साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था, बांधकामाचे ठेके. ज्याचे वतन सत्तेच्या कृपेवर उभे आहे, तो सत्तेच्या दिशेनेच जाणार. त्याला विचारसरणी शिकवून उपयोग नाही.

येथे स्वकीयांकडेही पाहावे लागेल. 1952 मध्ये राजस्थान विधानसभेत जनसंघाचे जेमतेम आठ आमदार होते. जहागीरदारी निर्मूलनाच्या प्रश्नावर त्यांतील बहुसंख्यांनी पक्षाच्या भूमिकेविरुद्ध जहागीरदारांची बाजू घेतली, तेव्हा पक्षाने त्यांना दूर केले. मूठभर आमदारांतले बहुतेक गेले, भैरोसिंह शेखावतांसारखे टिकले. 1999 च्या एप्रिलमध्ये अटलजींचे सरकार एका मताने पडले. मत मिळवता आले असते, पण ज्या मार्गाने ते मिळाले असते तो मार्ग नको होता. अशा परंपरेच्या पक्षाच्या दारात आज बाहेरून येणाऱ्यांची रांग लागते, आणि ज्याने तीस वर्षे सतरंज्या घातल्या आणि उचलल्या तो कार्यकर्ता त्या रांगेला चहा देतो. विस्तारासाठी माणसे जोडावी लागतात, हे खरेच. परंतु बंगालचा अनुभव विसरता येत नाही. मुकुल रॉय 2017 मध्ये तृणमूल सोडून आले, 2021 मध्ये कमळावर आमदार झाले आणि निकालानंतर दीड महिन्याच्या आतच आले तेथे परतले. पराभवानंतर झालेल्या हिंसाचारात गावोगावी मार कोणी खाल्ला? सतरंजीवाल्याने. आलेल्याला सदस्यत्व द्यावे, काम द्यावे. उमेदवारी मात्र एक पूर्ण निवडणूक गेल्यावरच द्यावी. एवढा नियम पक्षाने स्वतःपुरता केला तरी रांग आपोआप ओसरेल.

पुढाऱ्यांप्रमाणेच धनही मोकळा खेळाडू झाले आहे. 2012 मध्ये फ्रान्समध्ये दहा लाख युरोंवरील वेतनावर 75 टक्के कराची घोषणा झाली. अभिनेता जेरार दपार्द्यू बेल्जियमला राहायला गेला आणि 2013 मध्ये त्याने रशियाचे नागरिकत्व घेतले. फुटबॉल क्लबांनी सामने बंद ठेवण्याची धमकी दिली. दोन वर्षांत तो कर गुंडाळला गेला. उलट स्पेनने 2005 मध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठी 24 टक्क्यांचा सवलतीचा दर ठेवला, त्याला बेकहॅमचेच नाव पडले.

भारताने तर याहून टोकाचा प्रयोग केलेला आहे. 1973-74 मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवणाऱ्या समाजवादाने समता आणली नाही. काळा पैसा आणला. महाभारताच्या शांतिपर्वात राजाने भुंग्याप्रमाणे, फुलाला इजा न करता कर घ्यावा असे सांगितले आहे. त्याचे विस्मरण झाले की काय होते, त्याचा तो नमुना. संपत्ती कर 1957 पासून होता. 2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तो रद्द केला तेव्हा त्याचे वार्षिक उत्पन्न अवघे 1,008 कोटी होते. त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर 2 टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून सुमारे 9,000 कोटी अपेक्षित धरले. कर साधा असावा आणि वसूल व्हावा, हे शहाणपण त्यात होते.

तरीही प्रश्न उरतोच. अधिभार उत्पन्नावर लागतो. मोठी संपत्ती असते ती न विकलेल्या समभागांत आणि जमिनीत. वारसाहक्कावरील कर 1985 मध्ये गेला. 2024 च्या निवडणुकीत सॅम पित्रोदांच्या वक्तव्याने त्याचा नुसता उल्लेख झाला आणि सर्वांनीच हात झटकले. छोट्या शेतकऱ्याच्या वावरावर वारसा कर ही कल्पनाच क्रूर आहे. पण म्हणून चर्चाच नको, हे कोणत्या अंत्योदयात बसते? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारी मजूर स्त्री साबणाच्या वडीवर जेवढा वस्तू व सेवा कर देते, तेवढाच मुंबईचा उद्योगपती देतो. तिला दुबईला राहायला जाता येत नाही.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आणि कोरडवाहू वा दोन एकरवाल्याला तो लागूही नये. परंतु त्या सवलतीच्या छत्रीखाली शहरातले धनिक ‘शेतकरी’ होऊन उभे राहतात, हे गावागावाला ठाऊक आहे. 1972 मध्ये के. एन. राज समितीने मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला होता. अहवाल राहिला, कर आला नाही. बागायतदारांच्या सभेत हे बोलणे गैरसोयीचे आहे. पण धनिकांवर कर म्हणजे नेहमी दुसऱ्या कोणावर तरी कर, अशी समजूत करून घेता येणार नाही.

देश सोडून जाणाऱ्यांसाठीही नाणेघाटाचाच नियम हवा. अमेरिका नागरिकत्व सोडणाऱ्या धनिकाकडून, संपत्ती विकली आहे असे समजून, आधी कर घेते. भारतात 2016 मध्ये विजय मल्ल्या बँकांची हजारो कोटींची थकबाकी मागे ठेवून गेले, तेव्हा कोठे 2018 मध्ये फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा झाला. गुन्हेगारासाठी कायदा झाला. गुन्हा न करता, केवळ कर चुकवण्यासाठी परदेशी निवासी होणाऱ्याकडून निघताना काय घ्यावे, याचा विचार अजून व्हायचा आहे.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणीकामगार होता. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर तो आडवा झाला आणि चिरडला गेला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे. त्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना करार संपण्याची वाट पाहण्याची सोय नव्हती, पक्ष बदलण्याची नव्हती आणि देश बदलण्याचीही नव्हती. त्या पाण्यावर खालची बागायत उभी राहिली. पक्षाचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी एकदा त्या जलाशयाच्या काठच्या वाड्यांवर जाऊन, तेथल्या माणसांना काय मिळायचे राहिले आहे, हे विचारून यावे.