चाकणची वही

(व्याख्यानाचा मजकूर)



दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत रसग्रहणाचा एक प्रश्न असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी विद्यार्थ्याने उत्तर लिहावे, अशी अपेक्षा असते. अपेक्षेत गैर काही नाही. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांतील मुले हे उत्तर बहुधा गाइडमधून पाठ करून लिहितात. कविता कोणतीही असो, सोप्या व ओघवत्या भाषेतून कवीने थोर संदेश दिला आहे, हे वाक्य तयारच असते. बदलते ते फक्त कवीचे नाव.

एवढ्याशा प्रश्नाची चर्चा कार्यकर्त्यांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा झगडा याच भूमीत पावणेचारशे वर्षांपूर्वी झडलेला आहे. देहूच्या तुकारामांनी अभंग रचले, तेव्हा शूद्राच्या तोंडी वेदांचा अर्थ शोभत नाही, अशी हरकत वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी घेतली आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. पुढे तेच रामेश्वरभट्ट तुकारामांचे भक्त झाले, हेही तीच परंपरा सांगते. हे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत प्रमुख होते संताजी जगनाडे. ते मूळचे चाकणचे, जातीने तेली. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्यास आहे. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी गाथा छापून प्रसिद्ध केली. घाण्यावर राबणाऱ्या हाताने ऐकलेला शब्द समजून कागदावर उतरवला. आज त्याच चाकणच्या परिसरात कामगाराचे मूल न समजलेला शब्द वहीत उतरवते. दोन्हीकडे लेखणीच चालते. पण पहिल्या लिहिण्यात अधिकार मिळवला गेला, दुसऱ्यात तो नकळत सोडून दिला जातो.

रंजल्या-गांजल्यांना आपले म्हणणाऱ्यालाच साधू म्हणावे, असे सांगणारा तुकारामांचा अभंग शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे. त्याचे पाठ केलेले रसग्रहण लोण्याच्या दृष्टांतापाशी थांबते. लोणी आतबाहेर मऊ तसे सज्जनाचे चित्त, अलंकार ओळखला, गुण मिळाले. पण ‘गांजणे’ या क्रियापदाकडे पाहावे. कोणी गांजल्याशिवाय माणूस गांजला जात नाही. अभंगात गांजणाऱ्याचे नाव नाही. ते शोधण्याचे काम वाचकावर सोपवलेले आहे. भाषिक वैशिष्ट्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

अभंग पुढे सांगतो की, पोटच्या मुलावर जी माया करावी तीच दासदासींवर करावी. हे कोणा विरक्ताचे गोड बोलणे नव्हे. तुकाराम वाणी होते. सावकारी घरातली होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यवहार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. नंतर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. माप दोन तऱ्हेचे ठेवणे म्हणजे काय, हे दुकानात बसलेल्या माणसाला नेमके ठाऊक असते. म्हणूनच मुलाला एक माप आणि चाकराला दुसरे, हे त्यांनी नाकारले.

आता भोसरीतील एखादी दहावीतली मुलगी डोळ्यांपुढे आणावी. वडील मराठवाड्यातून आलेले, चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला. शेजारच्या यंत्रावरचा कायम कामगार तेच काम करतो, पण पगार वेगळा आणि उद्याची शाश्वतीही वेगळी. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली केंद्राने कायदा केला. त्याखालील १९७१ च्या नियमांनी, तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन द्यावे, अशी अट परवान्यात घातली. ती अट किती कारखान्यांच्या फाटकातून आत शिरली, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. या मुलीला त्या एका ओळीवर लिहिण्याजोगे जे ठाऊक आहे, ते गाइड लिहिणाऱ्याला कोठून ठाऊक असणार?

ती कदाचित हरकतही घेईल. तुकाराम दासावर माया करा म्हणतात. दास दास का, हे विचारीत नाहीत. आमच्या बाबांना माया नको, हक्क हवा. ही हरकत खरी आहे. तिच्यावर उत्तरही आहे : ‘तीच’ माया म्हणताच समतेचे माप आत आले आणि हक्काची मागणी त्याच मापावर उभी राहते. यातले कोणते बरोबर, हे तिने ठरवावे. कवितेशी असा वाद घालता येणे, हेच रसग्रहण. त्यासाठी तिचे गुण कापले जाऊ नयेत. उलट ते तिथेच मिळावेत.

यात दोष मुलांचा नाही, शिक्षकांचाही फारसा नाही. भरगच्च वर्गात प्रत्येकाचे म्हणणे ऐकायला वेळ नसतो. तपासनिसाला ठरावीक मुद्दे मोजणे सोपे जाते. सुखवस्तू घरातल्या मुलाशी कवितेवर बोलायला घरात कोणी तरी असते. पाळीवरून परतलेल्या बापाजवळ त्यासाठी त्राण उरत नाही. ही उणीव गाइड थोड्या पैशांत भरून काढते आणि मोबदल्यात मुलाचे स्वतःचे मत घेऊन जाते. विषमता अशी वहीतही उतरते.

वस्तीत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. कविता आधी दोनदा मोठ्याने वाचून घ्यावी. अडलेला शब्द घरी आजीला विचारून यायला सांगावे. असा माणूस तू कोठे पाहिलास, हे विचारावे. कवीचे कोणते म्हणणे पटत नाही, तेही विचारावे. मग गाइड मिटून चार वाक्ये लिहायला लावावीत. ती वेडीवाकडी असतील. पण ती त्या मुलाची असतील. अलंकाराचे नाव नंतरही सांगता येते.

आज स्वतःचे चार शब्द लिहिण्याची सवय झालेले मूल उद्या कंत्राटावर सही करण्यापूर्वी तो कागद वाचील आणि त्याचा अर्थ विचारील. चाकणच्या एका तेल्याने जपलेल्या वहीचा वारसा यापेक्षा वेगळा नाही.