गंजिफा : पाने आणि खेळणारे हात

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शहरातील मुले हल्ली ज्या अद्भुतरम्य पत्त्यांत रमतात, त्यांत गॉब्लिन नावाची बुटकी, खोडकर भुते असतात. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू स्वतः पाने निवडून किमान ६० पानांचा संच बांधतो. एकटा गॉब्लिन दुबळा. परंतु एकमेकांना बळ देणारे गॉब्लिन निवडले, की तीच झुंड भारी ठरते. काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे, हे ठरवताना मुलाच्या बुद्धीचा कस लागतो. म्हणून पालकांनी या छंदाला केवळ कालापव्यय म्हणू नये.

संच बांधण्याची ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग; प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी पाने. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. पहिल्या पाच रंगांत प्रधानाखालोखाल दहाचे पान श्रेष्ठ, तर पुढील पाचांत एक्का. तिघांत प्रत्येकी ४० पाने वाटली जातात. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. कोणते पान पडून गेले, हे ध्यानात ठेवणाऱ्याचीच सरशी होते.

म्हैसूरचे मुम्मडि कृष्णराज वडेयर यांनी तर ‘छद’ नावाचे अनेक खेळ रचले. त्यांतील एकात तब्बल ३६० पाने होती. रचना थोर, परंतु सामान्यांना न पेलणारी. दशावतार मात्र कीर्तन-पुराणांतून घरोघरी ठाऊक होते. म्हणून तो डाव समजण्यास वेगळी शिकवणी लागत नसे.

पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेली पाने मागे पडली. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चितारी कारागिरांच्या साहाय्याने सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. कला वाचली, तथापि पाने विकत घेणारे पुष्कळ, डाव मांडणारे विरळा. बहुतेक पाने आता चौकटीत बसून भिंतीवर शोभतात.

बंगळूरातील मराठीवर हीच वेळ येऊ शकते. निमंत्रणपत्रिकेवर ती शोभते. पण मुलांच्या भांडणात, हिशेबात आणि थट्टेत ती नसेल, तर तीही चौकटीतलेच पान होय.

मुलांनी गॉब्लिनांचा संच जरूर बांधावा. त्याच्या जोडीला पुठ्ठा, कात्री आणि रंग घेऊन कोकणातल्या भुतांचाही बांधून पाहावा. वेताळ भुतांचा अधिपती, तेव्हा राजाचे पान त्याचे. मुंजा पिंपळावरचा, गिऱ्हा पाण्यातला, देवचार राखणदार. मग प्रधान कोण? त्यासाठी आजीला विचारावे लागेल, तिच्याशी वाद घालावा लागेल आणि तो वाद मराठीतच होईल.

हीरक महोत्सवाच्या या वर्षात प्रत्येक घरी असा एक तरी डाव रंगावा, हीच सदिच्छा.