भांडी देणारं तळं

मंडळी, आज बोलायचं आहे ते गोष्टीतल्या एका गावाबद्दल. तिथे झाडं बोलतात, विहिरीत कुणीतरी राहतं आणि तरीही माणसं सकाळी उठून चहा पितात, भात लावतात, एकमेकांची उसनवारी फेडतात. इंग्रजीत अलीकडे अशा कथांना मोठा वाचक मिळाला आहे. ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाच्या २०२२ मधल्या ‘लेजंड्स अँड लॅटेज’ या कादंबरीत लढायांना कंटाळलेली एक राक्षसी तलवार भिंतीला टांगते आणि कॉफीचं दुकान काढते. जग बुडायची भीती नाही. दुकान चालेल ना, शेजारी आपलं म्हणतील ना, एवढीच काळजी. या प्रकाराला आपण ‘उबदार अद्भुतकथा’ म्हणू या.

आता पनवेलच्या एखाद्या मुलीला अशी कथा लिहावीशी वाटली, तर तिनं गाव कुठून आणायचं? पहिल्यांदा सुचतात ते दगडी मनोरे, बर्फ आणि धुराडी. वाचलेलं असतं तेच सुचतं, त्यात तिचा दोष नाही. पण बर्फात माणूस जळण कुठे ठेवतो, हे तिला ठाऊक नसतं. मग त्या गावातली माणसं नुसती उभी राहतात, त्यांच्या हातांना काम मिळत नाही.

त्यापेक्षा तिनं घराबाहेर पडावं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही पनवेलची तळी. नुसती नावं घेतली तरी सख्ख्या बहिणी वाटतात. पलीकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या कपारीत मधमाश्यांची पोळी. मुंबई-पुणे रस्त्यावर बैलगाड्या चालत, त्या काळात पनवेल गाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. समजा, तिथल्या एका सुतारानं केलेलं चाक वाट चुकलेल्या गाडीला आपोआप घरी आणतं. झालं, गाव वसायला लागलं!

मात्र जादू आली की तिच्या मागोमाग नियम यायला हवा. हवं ते हवं तेव्हा मिळालं तर गोष्ट तिथेच संपते. आपल्या लोकांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. पाण्याकाठी साती आसरा असतात, म्हणून तिथे वागताना जपायचं. देवराईतली फांदी तोडायची नाही. ठाणे-रायगडच्या पाड्यांवर वाघोबा पुजला जातो. जंगल त्याचंही आहे, हे मान्य करूनच माणसानं तिथे राहायचं.

महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगितली जाणारी एक लोककथा तुम्हीही ऐकली असेल. घरी लग्न निघालं की तळ्याकाठी जाऊन भांडी मागायची. सकाळी काठावर भांडी तयार! कार्य झालं की घासूनपुसून परत करायची. एकदा कुणीतरी लोभानं एक भांडं ठेवून घेतलं आणि तेव्हापासून तळ्यानं देणं बंद केलं. उबदार कथेसाठी याहून चांगली सुरुवात कुठली? राक्षस मारायचा नाही, राज्य जिंकायचं नाही. एक वाटी शोधून परत करायची आहे आणि तळ्याचा रुसवा काढायचा आहे.

पण इथेच लिहिणाऱ्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो. त्या तळ्याकडे भांडी मागायला कोण जाऊ शकत होतं? याच रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाडचं चवदार तळं आहे. ते सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्ये केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सोबतच्या हजारो स्त्री-पुरुषांना ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर मारही खावा लागला. जुन्या गावाची ऊब खरी होती, पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. हे विसरून रंगवलेलं गाव कितीही गोजिरवाणं असलं, तरी ते काहींनाच आपलं वाटेल.

म्हणून कथेतल्या गावाचा नियम लिहिताना विचारावं, की हा नियम कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो? कदाचित तळं वाटीसाठी रुसलंच नसेल. गावानं एका घराला कधी काठावर येऊच दिलं नाही, म्हणून रुसलं असेल. मग त्या घरची मुलगी पहिल्यांदा पाण्याशी बोलते, तेव्हा काय होतं? लिहा, मंडळी. गोष्ट इथून पुढे आपणच चालू लागेल.

अशा कल्पनेतल्या गावाचा उपयोग काय, असं कुणी म्हणेल. जपानच्या हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ हा चित्रपट १९८८ मध्ये आला. त्यातला झाडात राहणारा केसाळ शेजारी लोकांना इतका आवडला, की त्याच्या नावानं निधी उभा राहिला आणि टोकियोजवळच्या सायामा टेकड्यांवरचं रान तुकड्यातुकड्यानं विकत घेऊन राखलं गेलं. इकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली आणि २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. गोष्टीनं विमानतळ अडत नाही, अडावा असंही माझं म्हणणं नाही. पण उठलेल्या गावातली माणसं नव्या वसाहतीत गेली, तेव्हा त्यांच्या पाण्यातल्या आसरा कुठे गेल्या? नळाला पाणी आल्यावर त्या ओळख देतात का? हे विचारणारी आजीबाई आणि ते शोधायला निघालेली नात पनवेलच्या कुठल्याही इमारतीत सापडेल. त्यांना बसायला एक गाव हवं आहे. त्यात एक तळं असू द्या आणि त्याचा काठ चारी बाजूंनी मोकळा ठेवा.