शेजार शोधणारें ॲप
(धर्मग्रामांतील तरुणांपुढें केलेलें भाषण)



जवळपासचे कार्यक्रम आणि समान आवडीचीं माणसें शोधून देणारें एक ॲप करण्याचा तुमचा मानस आहे, व त्यासाठीं तुम्हांस माझा आशीर्वाद हवा आहे. तो मी आनंदानें देतों. पण पाद्र्याच्या आशीर्वादामागून चार शब्द ऐकावे लागतातच!

तुमच्या कल्पनेचें मूळ आपल्याच भागांत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईंत ठिकठिकाणीं क्रूस उभारले गेले. तेथें सायंकाळीं रोझरीस जमणाऱ्यांस एकमेकांचें सुखदुःख सहज कळे. धोबीतलावावरील गोमंतकीयांचे क्लब, ज्यांस ते 'कूड' म्हणतात, तेहि याच कामाचे. बोटीवरून उतरलेला खलाशी आपल्या गांवच्या कुडांत जाई, आणि गांवची खबर, नोकरीची बातमी व रात्रीची रोझरी हीं तिन्ही त्यास एका छपराखालीं मिळत. दूर न्यूयॉर्कांत २००१ च्या संहारानंतर अनोळखी शेजारी एकमेकांशीं बोलूं लागले, हें पाहून स्कॉट हायफरमन व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं 'मीटअप' काढलें.

यंत्राचें काम तुम्ही मला समजाविलें आहे. उपग्रहांच्या संकेतांवरून फोन आपलें ठिकाण ओळखतो, कार्यक्रमस्थळाचें अंतर मोजतो आणि कळविलेल्या आवडी ताडून पाहतो. अडचण पुढें आहे. रिकामें ॲप कोणी उघडीत नाहीं, आणि कोणी उघडीत नाहीं म्हणून तें रिकामेंच राहतें. यास्तव सबंध मुंबईचा हव्यास धरूं नका. गिरगांवच्या चार गल्ल्या पुरे आहेत.

गतवर्षीं एका वृद्ध गृहस्थांच्या अंत्यविधीस मी गेलों होतों. त्यांच्या खाटेखालीं व्हायोलिनची पेटी होती. शव खालीं उतरवितांना त्याच इमारतींतील एक मुलगा म्हणाला, "फादर, मी व्हायोलिन शिकायला दर शनिवारीं वांद्र्याला जातों." दोघांमध्यें केवळ एक जिना होता! दोन्ही घरांस मी आशीर्वाद देऊन आलों होतों; विचारलें मात्र कांहींच नव्हतें.

आतां हें ध्यानांत घ्या कीं, त्या गृहस्थांजवळचा फोन साधा होता. ॲप असतें तरी तो मुलगा त्यांस सांपडला नसता. संत लूकच्या शुभवर्तमानांतील मेजवानीचा दृष्टांत आठवा. निमंत्रित आले नाहींत, तेव्हां यजमानानें चाकरास गल्लीबोळांत पाठविलें. तें चालणें तुमच्याकडेच आहे. ज्यांना फोन वापरतां येत नाहीं, त्यांची आवड त्यांच्या संमतीनें तुम्ही नोंदवा, आणि निरोप जिना चढून सांगा. अक्षरें देवनागरींतहि असूं द्या. आमच्या आजीबाईंस इंग्रजी बटणांचें भय वाटतें.

एका गोष्टींत मात्र मी हट्टी आहें. कोण कोणत्या खोलींत एकटें राहतें, हें पडद्यावर दिसतां कामा नये. भेट देवळाच्या आवारांत ठरवावी. २०२३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे, तीहि आधीं घ्या.

रविवारीं मराठी मिस्सेनंतर वह्या घेऊन आवारांत जमा. पहिल्या फेरीस मीहि येईन. जिने चढतांना मला थोडा वेळ द्या, म्हणजे झालें.